सुटायचं माप

शारजाच्या सनायात, दहा नंबरला,
टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात
मी डिफरन्शियल उघडतो.
इंजिनं उघडणारे पुष्कळ, त्यांच्याकडे एसी आहे.
माझ्याकडे एक व्हाइस, एक मायक्रोमीटर
आणि कुपवाड एमआयडीसीत सात वर्षं
गिअर कापलेले हात.

हुमैदची गाडी काल टोचनवर आली.
सहाशे घोडे, म्हणाला.
बदायरच्या वाळूत डावं चाक नुसतं फिरत राहिलं,
उजवं बघत बसलं.
एलएसडी आहे ना आत? मग?
आहे. होती, म्हणू या.

एक चाक अडवून दुसरं टॉर्क पान्यानं फिरवलं.
नवं असताना बारा किलोला सुटायचं,
आता तिनाला.
तेल काढलं. जळक्या मेथीचा वास.

मुदस्सर, खेडचा, महिन्याभरापूर्वी आलेला,
ट्रे धरून विचारतो,
चाचा, डिफरन्शियल लागतंच कशाला?
खळं पाहिलंयस?
नाही पाहिलं. भातवाले ते, झोडणी करतात.
तरी सांगतो:
तिवड्याला पात जुंपली
की आतला बैल जागच्या जागी पाय उचलतो,
बाहेरच्याला पळावं लागतं.
दोघांचे पाय एका दांडीला बांध,
पहिल्याच फेरीत एक आडवा.
म्हणून मधे काहीतरी सैल लागतं.
ते सैल म्हणजे हे, चार दातेरी गिअर, तळहातावर मावतील एवढे.

पण सैलाचा न्याय वेडा.
दोन्ही चाकांना सारखंच वाटतो
आणि माप धरतो कमी पेलणाऱ्याचं.
एक चाक वाळूत तरंगलं, त्याला काहीच पेलेना,
की दुसऱ्याच्या पदरातही तेवढंच,
घट्ट जमिनीवर उभं असून.

त्यावर उपाय या चकत्या.
एकीचे कान बाहेरच्या डब्यात अडकलेले,
तिच्या शेजारणीचे दात आतल्या दांड्यात.
ॲक्सिलरेटर दाबला की पिन उतारावर चढते,
रिंगा फाकतात,
चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात.
पूर्ण नाही. तेच तर कसब.
घासत घासत धरायचं,
धरता धरता सुटू द्यायचं.
झिजणं त्यातच आलं.
नवीत आणि हिच्यात पंधरा शतांश मिलिमीटर,
लग्नपत्रिकेच्या आतल्या कागदाइतका फरक.
तेवढ्यावर सहाशे घोडे अडले.

वेल्ड मारून टाक, हुमैद म्हणतो,
शेजारचा गुलरेज चाळीस मिनिटांत देतो.
देतो. सरळ रस्त्यावर राजा.
पहिल्या राउंडअबाउटला टायर किंचाळतील,
मग एक दिवस ॲक्सल.
(कुपवाडला थोरल्या भावाबरोबर लेथ होता माझा.
आम्ही असेच वेल्ड होतो.
ते नंतर कधीतरी.)

माझी अरबी पार्ट्सपुरती.
दोन्ही पंजे एकमेकांत गुंफून दाखवले,
आवळले, थोडे सरकू दिले.
तो हसला.
त्याला कळलं की कंटाळा आला, माहीत नाही.

नव्या चकत्या रात्रभर तेलात बुडवल्या.
शिम दोनदा बदलली.
बाराऐवजी अकरावर सोडलं,
वाळूला झटका सोसत नाही.

गाडी देताना सांगितलं,
मॉलच्या पार्किंगमध्ये कण्हेल, घाबरू नको.
रिकाम्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठाचे आकडे काढ,
पाचशे किलोमीटरनी तेल बदलायला ये.
इन्शाल्ला, म्हणाला तो,
तेव्हाच कळलं, येणार नाही.

कोपऱ्यावर वळताना मागून बारीक कुर्र आली.
मुदस्सर दचकला,
चाचा, काहीतरी घासतंय!
घासतंय, म्हटलं. चहा सांग.

जुन्या चकत्यांतली एक ठेवून घेतलीय,
ग्लासाखाली.
बाकीच्या भंगारवाला शुक्रवारी नेतो.